उरलेल्या क्विल्ट ब्लॉकांचे प्लेसमॅट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात अमेरिकेतील वाचकांकडून आलेली काही पत्रे एकाच विषयावरची आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. घरपोच जेवण मिळणाऱ्या वृद्धांसाठी ताटाखाली अंथरायचे कापडी मॅट, म्हणजे प्लेसमॅट, शिवून देण्याची पद्धत तेथील क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून, थर एकत्र शिवून केलेली गोधडी) शिवणाऱ्या मंडळांत चांगली रुळलेली आहे, आणि आता आपल्या मराठी भगिनीही त्यात उतरल्या आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो.

प्रश्न : गेली काही वर्षे मी क्विल्ट शिवते. प्रत्येक क्विल्टमागे दोन-चार ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, उरतात आणि ते आता एका मोठ्या पेटीत साठले आहेत. त्यात बारा इंची लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडलेले), नऊ इंची नाइन पॅच (नऊ चौकोनांचे) आणि सहा इंची तारे असे सगळेच आहे. आमच्या गिल्डमधील, म्हणजे क्विल्ट मंडळातील, मैत्रिणी अशा ब्लॉकांचे प्लेसमॅट करून ‘मील्स ऑन व्हील्स’ या घरपोच जेवण देणाऱ्या सेवेला देतात. मलाही तसे करायचे आहे. मापे कोणती घ्यावीत, आत काय घालावे आणि ब्लॉक कसे जोडावेत, हे सविस्तर सांगाल का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मापांकडे वळण्यापूर्वी हे मॅट कोणासाठी आहेत ते पाहू, कारण बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात. घरपोच जेवणाची ही सेवा अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. १९६५च्या वृद्धांविषयीच्या कायद्यात १९७२ साली पोषण कार्यक्रमाची भर पडल्यावर तिला सरकारी निधीचा आधार मिळाला आणि ती देशभर पसरली. घराबाहेर पडणे ज्यांना जमत नाही अशा साठीपुढच्या माणसांना या सेवेतून जेवण मिळते. त्यांच्यातील पुष्कळजण एकटे राहतात, आणि कित्येकांची दृष्टी मंदावलेली असते किंवा हात थरथरत असतात. आपला मॅट अशा माणसाच्या टेबलावर रोज अंथरला जाणार आहे, वरचेवर सांडलवंड होऊन यंत्रात धुतला जाणार आहे, हे डोळ्यांपुढे ठेवून पेटी उघडावी.

आता मुख्य अडचण सांगते. क्विल्टचा ब्लॉक मुळात नजर खेचून घेण्यासाठी रचलेला असतो. त्यातील बारीक फुले, रेघा आणि टोकदार त्रिकोण मंद दृष्टीच्या माणसाला ताटाखाली नकोसे होतात, कारण अशा गर्दीत चमचा कोठे ठेवला, औषधाची गोळी कोठे पडली, पेल्याचा काठ कोठे संपला, हे त्याला चटकन दिसत नाही. एकरंगी आणि भांड्याच्या रंगाहून स्पष्टपणे वेगळ्या पृष्ठभागावर भांडे ठेवले, तर कमी दिसणाऱ्यांना आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांना जेवणे सोपे जाते. म्हणून ब्लॉक मॅटच्या मधोमध घालून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडण्याची जी नेहमीची रीत आहे, ती मला या कामासाठी पसंत नाही. तीत ब्लॉकचे सौंदर्य तर ताटाखाली झाकले जातेच, शिवाय जेथे साधे कापड हवे नेमका तेथेच नक्षीचा गोंधळ येतो. ब्लॉक एका कडेला घ्यावा आणि ताटाच्या जागी एकरंगी कापडाचा सलग तुकडा ठेवावा.

बहुतेक ठिकाणी बारा इंच गुणिले अठरा इंच किंवा त्याहून थोडे मोठे माप चालते. तरीही आपल्या गावच्या केंद्राला विचारूनच कात्री हातात घ्यावी. सर्व शिवणींना पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारे कापड) धरून मॅटचा वरचा भाग साडेबारा गुणिले साडेअठरा इंचांचा करायचा, असे गृहीत धरून पुढचा हिशेब देते. सहा इंची तारे सर्वांत सोपे आहेत. मायेसह साडेसहा इंचांचे असे दोन तारे एकाखाली एक जोडले की साडेबारा इंच उंचीची उभी पट्टी तयार होते. तिच्या शेजारी साडेबारा इंचांचा एकरंगी चौकोन जोडला की वरचा भाग पुरा झाला. नऊ इंची (मायेसह साडेनऊ इंचांच्या) नाइन पॅचच्या खाली साडेतीन इंच रुंद आणि साडेनऊ इंच लांब पट्टी जोडून त्याची उंची साडेबारा इंच करावी आणि शेजारी साडेनऊ इंच रुंद, साडेबारा इंच उंच असा एकरंगी तुकडा लावावा.

बारा इंची लॉग केबिनचे काय, हा प्रश्न उरतो. तो मी सरळ मधोमध कापायला सांगेन. हाताने रचलेला ब्लॉक कापायचा म्हणजे पोटात कालवते, हे मला ठाऊक आहे. पण लॉग केबिन अर्धा झाला तरी त्याच्या पट्ट्यांची लय टिकते, आणि एका ब्लॉकातून दोन मॅट होतात. मायेसह तो साडेबारा इंचांचा असतो, म्हणून कापल्यावर प्रत्येक अर्धा भाग सव्वासहा इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच राहील; त्याच्या शेजारी पावणेतेरा इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच एकरंगी तुकडा जोडावा. मात्र कापलेल्या कडेवर अनेक शिवणी अर्ध्यातच तुटलेल्या असतात आणि हाताळताना त्या उसवू लागतात, म्हणून कापल्याबरोबर त्या कडेपासून अर्धपाव इंचावर बारीक टाक्यांची एक शिवण मारून घ्यावी.

वेगवेगळ्या वेळी केलेले ब्लॉक एका मापाचे नसतात, हे आपल्या लक्षात आलेच असेल. ब्लॉक पाव इंचाने लहान भरला तर तो ताणून जोडू नये. त्याच्या कडांना गरजेपेक्षा रुंद पट्ट्या जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मग रोटरी कटरने (गोल पात्याच्या कटरने) हव्या त्या मापाला छाटावे. ताणून जोडलेला ब्लॉक पहिल्याच धुण्यात फुगतो आणि मॅट टेबलावर सपाट बसत नाही.

आतील थराबाबत माझा आग्रह आहे की तो पातळच असावा. पांघरायच्या क्विल्टला शोभणारे फुगीर बॅटिंग (दोन कापडांमध्ये घालायचा मऊ थर) येथे घातले, तर त्यावर ठेवलेला पेला डळमळतो, आणि थरथरत्या हाताच्या माणसासाठी ते धोक्याचे आहे. पातळ सुती बॅटिंग उत्तम. ते नसेल तर आधी धुऊन आटवलेल्या फ्लॅनेलचा एक थर पुरतो. मोठ्या क्विल्टच्या कडेचे बॅटिंगचे उरलेले तुकडेही वापरता येतात. त्यांच्या कडा सरळ कापून एकमेकींना नुसत्या भिडवाव्यात आणि रुंद झिगझॅग शिवणीने जोडाव्यात. एकावर एक चढवल्या तर तेथे वळ उठतो. अस्तर आणि आतील थर वरच्या भागापेक्षा प्रत्येक बाजूने एकेक इंच मोठे कापावेत. बेचाळीस इंच पन्ह्याच्या एक वार सुती कापडात चार मॅटांचे अस्तर आरामात निघते.

तिन्ही थर एकत्र धरण्यासाठी दीड-दोन इंचांच्या अंतराने सरळ शिवणी माराव्यात, तेवढे पुरे. गाठी मारून थर बांधण्याची पद्धत मात्र येथे नको. गाठींवर ताट नीट टेकत नाही आणि धुण्यात त्या सुटतात.

राहिला काठ. मॅट सर्वांत आधी काठावर झिजतो, त्यामुळे वेळ असेल तर दुहेरी पट्टीचा गोट लावावा. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या उभ्या दुमडून घ्याव्यात. पन्ह्याभर लांबीच्या दोन पट्ट्या एका मॅटला पुरतात. पट्टी आधी मागच्या बाजूने शिवून पुढे वळवावी आणि पुढून यंत्राचीच शिवण मारावी. हातशिलाईने गोट बसवला तर दिसतो देखणा, पण आठवड्यातून दोनदा यंत्रात फिरणाऱ्या वस्तूला यंत्राचे टाके अधिक मानवतात. कोपरे चौकोनी ठेवलेत तर सरळ कापलेली पट्टी चालते. गोल कोपऱ्यांना मात्र तिरपी कापलेली पट्टी लागेल.

गोट नको असेल तर वरचा भाग आणि अस्तर सुलट बाजू आतमध्ये येतील असे एकमेकांवर ठेवून, बॅटिंगसह चारी बाजूंनी शिवावे, एका कडेला चार-पाच इंच मोकळे सोडून त्यातून मॅट उलटा करावा आणि मग काठाने दोन समांतर शिवणी माराव्यात. यात प्रत्येक बाजूने पाव इंच कमी होतो, तेवढे माप आधी वाढवून घ्यावे. मोकळ्या जागेच्या कडा नीट आत दुमडून त्या शिवणींतच पकडल्या गेल्या आहेत ना, हे शेवटी बोटाने चाचपून पाहावे.

प्रश्न : माझ्या उरलेल्या ब्लॉकांपैकी काहींत टोके जुळलेली नाहीत, काहींचे कापड वीस वर्षांपूर्वीचे आहे आणि दोन-तीन ब्लॉक मला स्वतःलाच आवडत नाहीत. दानासाठी ते वापरले तर चालतील का? – एक वाचक, शिकागो

उत्तर : टोके न जुळलेले ब्लॉक खुशाल वापरावेत. ताऱ्याचे टोक शिवणीत थोडे बुडाले म्हणून मॅटच्या उपयोगात काहीच फरक पडत नाही आणि जेवणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. न आवडलेल्या ब्लॉकचेही तसेच आहे. रंगसंगती हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, आणि आपल्याला डोळ्यांत खुपलेला नारिंगी रंग दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात उठून दिसेल.

ज्याचे कापड किंवा शिवण कमजोर झाली आहे, असा ब्लॉक मात्र देऊ नये. जुने कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून उभे आणि आडवे ताणून पाहावे. चरचर आवाज आला किंवा धागे विरळ झाले तर तो ब्लॉक बाजूला ठेवावा. शिवण थोडी ताणली असता टाक्यांच्या मधून उजेड दिसू लागला तर ती पुन्हा मारावी. डाग पडलेले, पेटीतला कुबट वास न जाणारे किंवा घड्यांवर पिवळे पडलेले ब्लॉकही नकोत. ज्या माणसाला घरपोच जेवण घ्यावे लागते, त्याला वस्तूही टाकाऊ मिळाली असे एक क्षणही वाटता कामा नये. आपल्या पाहुण्यापुढे जे अंथरायला आपण कचरणार नाही, तेच शिवायला घ्यावे. बाद केलेल्या ब्लॉकांचा भरणा प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी करायच्या गाद्यांत उपयोगी पडू शकतो. तेही आधी विचारून.

तीच गोष्ट सजावटीची. मणी, बटणे, झालर, कडा न दुमडता चिकटवलेली फुले यांतील काहीही मॅटवर नको. मणी ताटाखाली टोचतात, सुटलेला धागा काट्याच्या दातांत अडकतो, आणि एखादे बटण निसटून अन्नात पडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझ्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांनी आयुष्यभर वाकळी शिवल्या आहेत, पण शिवणयंत्राची त्यांना सवय नाही. दिवसभर घरात बसून त्यांना करमत नाही. माझ्या प्लेसमॅटच्या कामात त्यांना सहभागी करून घेता येईल का? हाताने घातलेले टाके यंत्राच्या धुण्यात टिकतील का? – एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : अवश्य घ्यावे, आणि मदतनीस म्हणून न घेता त्यांच्या पद्धतीनेच काही मॅट सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या हातचे होऊ द्यावेत. वाकळीचा धावदोरा आणि क्विल्टवरचे हाताचे टाके यांचे काम एकच, थर एकमेकांना धरून ठेवणे. वाकळीत तर तो दोरा इतक्या जवळजवळ घातलेला असतो की वर्षानुवर्षे नदीवर आपटून धुतलेल्या वाकळीतही आतले कापड गोळा होत नाही. अमेरिकेतील धुण्याचे यंत्र त्यामानाने सौम्य म्हणावे लागेल.

तरी दोन-तीन बदल सुचवते. वाकळीचे टाके कधीकधी लांब घेतले जातात. येथे ते इंचाला चार-पाच तरी बसतील इतके लहान हवेत, नाहीतर काट्याचे दात त्यांत अडकतील. दोरा सुतीच पण पक्क्या रंगाचा आणि थोडा जाड घ्यावा. पर्ल कॉटन या कामाला चांगले. नवा दोरा सुरू करताना गाठ वरच्या कापडातून हलकेच आत ओढून दोन थरांच्या मध्ये लपवावी आणि संपवताना दोन-तीन बारीक उलटे टाके घ्यावेत. वाकळीला जसा काठापासून सुरुवात करून फेऱ्या घेत आत येण्याचा क्रम असतो, तसाच तो मॅटवर ठेवला तर फारच सुंदर दिसेल, आणि एकरंगी तुकड्यावर त्याच रंगाच्या दोऱ्याचे टाके घातले तर ताटाच्या जागेचा साधेपणाही मोडणार नाही. फक्त आत येता येता कापड मध्ये गोळा होऊन फुगवटा येऊ नये, म्हणून आधी तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी नीट टाचून घ्यावेत.

आतील थराबाबत सासूबाईंचे ज्ञान आपल्यापेक्षा सरस ठरेल असे मला वाटते. वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन-तीन पदर बॅटिंगऐवजी घातले, तर मॅट पातळ आणि सपाट होतो, आणि ते कापड पुरेसे आटून गेलेले असल्याने धुतल्यावर सुरकुत्या पडत नाहीत. ते कापड स्वच्छ धुतलेले असावे आणि आतच राहावे. वरचे कापड आणि अस्तर मात्र नव्या, धुऊन घेतलेल्या सुताचे असावे. काठाचा गोट आपण यंत्रावर लावून द्यावा, म्हणजे एकाच मॅटवर दोघींचा हात फिरेल.

प्रश्न : क्विल्टचे ब्लॉक संपले की ब्लाऊज पीस, खणाचे तुकडे आणि रेशमी साड्यांचे काठ वापरावेत असा माझा विचार आहे. मॅटना आपला मराठी रंग येईल. – एक वाचक, डॅलस

उत्तर : कल्पना मनाला भावणारी आहे, पण या कामासाठी तिला मी होकार देणार नाही. रेशीम आणि जर यंत्रात धुऊन ड्रायरमध्ये वाळवण्यासाठी नाहीत. जर काळी पडते, तिच्या तारा सुटून बोटांना लागतात आणि पहिल्या सांडलेल्या रश्श्यातच मॅट कामातून जातो. खणाचे गडद लाल आणि हिरवे रंग पुष्कळदा सुटतात. सुती ब्लाऊज पीस मात्र जरूर घ्यावेत, विशेषतः एकरंगी. ताटाच्या जागेसाठी गडद निळा, मोरपिशी किंवा हिरवा सुती ब्लाऊज पीस मिळाला तर दुसरे काय हवे? कापण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. कापड ओले करून पांढऱ्या कापडावर ठेवावे, वरून गरम इस्त्री दाबावी. खाली रंग उमटला तर ते कापड दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवावे. रंग उमटला नाही तरी सर्वच कापड एकदा धुऊनच वापरावे, आणि त्या धुण्यात सुगंधी साबण टाळावा, कारण कित्येक वृद्धांना उग्र वास सोसत नाही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळातील दहा-बारा जणींनी मिळून असे मॅट शिवायचे ठरवले आहे. किती करावेत, केव्हा द्यावेत आणि देताना कोणती काळजी घ्यावी? या खर्चावर करात सवलत मिळते का? – एक वाचक, अटलांटा

उत्तर : पहिले काम शिवणाचे नाही, फोनचे आहे. ‘मील्स ऑन व्हील्स’ हे नाव देशभर एकच ऐकू येत असले, तरी गावोगावची केंद्रे स्वतंत्रपणे चालतात आणि प्रत्येकाचे नियम निराळे असतात. स्वयंसेवकांचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला गाठून चार गोष्टी विचाराव्यात : मॅट स्वीकारता का, माप कोणते हवे, किती जणांना जेवण पोहोचते आणि वाटप केव्हा करणार. संख्येचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका फेरीतील काहींना मॅट मिळाला आणि शेजारच्यांना मिळाला नाही, असे झाले तर देणाऱ्या स्वयंसेवकाची पंचाईत होते. केंद्राकडे तीनशे जण असतील आणि आपले चाळीसच मॅट होणार असतील, तर ते एका फेरीपुरते द्यावेत किंवा इतर गटांच्या मॅटबरोबर एकत्र वाटू द्यावेत. सहा-सहाचे संच करण्याची गरज नाही. एका माणसाला एक पुरतो. सारख्या मॅटांच्या काही जोड्या मात्र वेगळ्या बांधून ठेवाव्यात, कारण काही घरांत पती-पत्नी दोघेही जेवण घेतात.

वेळ निवडायची असेल तर मार्च महिना चांगला. १९७२च्या त्या कायदादुरुस्तीची आठवण म्हणून दरवर्षी मार्चमध्ये या सेवेसाठी देशभर मोहीम राबवली जाते आणि केंद्रांकडे तेव्हा स्वयंसेवकही अधिक असतात. डिसेंबरात भेटवस्तूंची गर्दी होते, आणि नाताळची चित्रे असलेला मॅट जानेवारीत नकोसा वाटतो. त्याच कारणाने दिवाळीच्या पणत्या, गणपती किंवा कोणत्याही सणाची, धर्माची चिन्हे नकोत. जेवणारे सर्व धर्मांचे असतात, आणि देवाचे चित्र ताटाखाली येणे आपल्यालाही रुचणार नाही.

दहा-बारा जणींनी काम वाटून घ्यावे : कापणे, जोडणे, शिवणी मारणे, गोट लावणे. तपासणीचे काम मात्र एकीनेच करावे आणि ते सर्वांत चोख हवे. मॅटमध्ये राहून गेलेली एक टाचणी म्हणजे कोणाच्या तरी हातातले रक्त. प्रत्येकीने काम सुरू करताना टाचण्या मोजून घ्याव्यात, संपताना पुन्हा मोजाव्यात, आणि तयार मॅटवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. घरात मांजर-कुत्रे असेल तर मॅट शेवटी धुऊन लगेच बंद पिशवीत ठेवावेत. पिशवीत मंडळाच्या नावाची चिठ्ठी घातली तर चालेल. तिच्यावर मोठ्या, ठळक अक्षरांत धुण्याची सूचना इंग्रजीत लिहावी : कोमट पाण्यात यंत्रात धुवावे, ड्रायर चालेल.

कराबाबत थोडक्यात सांगायचे तर, पात्र संस्थेला दिलेल्या वस्तूंसाठी आपण पदरचे कापड, दोरा आणि बॅटिंग यांवर जो खर्च केला, तो नियमांत बसत असल्यास वजावटीत दाखवता येतो. शिवण्यात घातलेल्या वेळेची किंमत दाखवता येत नाही. पावत्या जपून ठेवाव्यात, केंद्राकडून पोच घ्यावी आणि उरलेले आपल्या कर सल्लागाराला विचारावे.